लेक जपानला निघाली म्हणून भूकंपाचे नकाशे वाचायला शिकलो

लेकीला जपानमध्ये हामामात्सु नावाच्या शहरात नोकरी लागली आणि आमच्या घरात पेढे वाटायच्या आधी भूकंपाचा विषय निघाला. कारण आमची आई. आम्ही पाटणचे, म्हणजे कोयनेच्या खोऱ्यातले, आणि ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आईनं स्वतः काढलेली. साडेचारच्या आसपास जमिनीतून गडगडाट आला आणि पाठोपाठ भिंत आडवी झाली हे ती आजही कालचं सांगितल्यासारखं सांगते. त्यानंतर किती तरी रात्री सगळी आळी उघड्यावर झोपत होती. ती म्हणाली, "तिकडं रोज धरणी हलती म्हणत्यात, पोरीला तिथं कशाला धाडतोस?" लेक म्हणाली, आज्जी, आपण पण भूकंपाच्याच गावात राहतो की. आणि दोघीही माझ्याकडं बघायला लागल्या, की तू सांग जास्त धोका कुठं, इथं का तिथं.

मला नीट उत्तर देता येईना. म्हणून मग रोज रात्री जेवणं झाली की मी आणि लेक लॅपटॉप उघडून नकाशे बघायला लागलो, आई शेजारी बसायची. आपल्याकडं बऱ्याच घरातली पोरं बाहेरदेशी चाललीत आणि पाटण तालुक्यातला प्रत्येक माणूस हलत्या जमिनीवर राहतो, म्हणून जे जे कळत गेलं ते सविस्तर लिहितोय.

पहिला उघडला तो अमेरिकेच्या यूएसजीएस या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा नकाशा, फुकट आहे, कुणालाही बघता येतो. उघडल्यावर जगभरात गेल्या २४ तासांत २.५ च्या वरचे जेवढे भूकंप नोंदले गेले त्यांचे गोळे दिसतात, मोठा भूकंप मोठा गोळा, ताजा असेल तर रंग वेगळा. कुठल्याही गोळ्यावर बोट ठेवलं की रिश्टर, वेळ, खोली सगळं येतं. (रिश्टर आपण बोलायच्या सवयीनं म्हणतो, आता मोजायची पद्धत पुढं गेलीय, पण आकडा आपल्यासाठी तोच.) पहिल्यांदा बघितल्यावर छातीत धस्स होतं, कारण जपान, इंडोनेशिया, अलास्का, चिली सगळीकडं गोळेच गोळे, आणि आपला महाराष्ट्र अगदी कोरा. आई म्हणाली, "मग आपली कोयना कुठाय?"

हा प्रश्न फार मोलाचा निघाला. खुद्द अमेरिकेत, कॅलिफोर्नियात वगैरे, यंत्रांचं जाळं दाट आहे म्हणून तिथले बारीकसारीक धक्केसुद्धा त्या नकाशावर येतात, पण बाकी जगातले साधारण साडेचारच्या पुढचेच भरवशानं येतात. म्हणजे कोयनेत ३ चा धक्का बसला, भांडी वाजली, माणसं अंगणात आली, तरी त्या नकाशावर बहुधा काहीच उमटणार नाही. त्यासाठी आपलं राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र आहे, त्यांचं ॲप आहे, ते घ्यायचं. त्यामुळं जागतिक नकाशावरची कोरी जागा म्हणजे सुरक्षित जागा असं अजिबात धरायचं नाही, तिथं मोजणारी यंत्रं किती आहेत हे आधी विचारायचं.

दुसरं म्हणजे एक दिवसाचा नकाशा बघून कुणी निष्कर्ष काढू नये. त्याच साईटवर जुनी नोंदवही शोधायची सोय आहे, तारीख कधीपासून कधीपर्यंत, किती रिश्टरच्या वरचे, आणि नकाशावर माऊसनं चौकोन ओढायचा. आम्ही सातारा, सांगली, रत्नागिरीवर चौकोन ओढला आणि १९६७ पासून आजपर्यंतचे मागवले. मग कोयना दिसली! एका छोट्याशा पट्ट्यात गोळ्यावर गोळे चढलेले आणि मध्ये तो १९६७ चा ६.३ चा मोठा. १९६७ नंतर ५ च्या वरचे २० हून जास्त भूकंप या एवढ्याशा भागात झालेत. आणि एक गोष्ट आम्हाला तारखेप्रमाणं लावल्यावर कळली, सुरुवातीचे धरणाजवळ आहेत आणि नव्वदच्या दशकापासून बरेच दक्षिणेला, वारणा धरणाच्या बाजूला सरकलेत. वारणेत पाणी अडवायला १९८५ ला सुरुवात झाली आणि १९९३ पासून तिकडचे धक्के वाढले. शास्त्रज्ञ याला जलाशयामुळं चालना मिळालेले भूकंप म्हणतात. जमिनीत आधीच ताण भरलेल्या भेगा असतात, जलाशयाचं पाणी झिरपत खाली जातं, भेगांमधला पाण्याचा दाब वाढतो आणि अडून बसलेला खडक सरकतो. धरणानं भूकंप तयार केला असं नाही, पण तयार असलेल्याला वाट मिळाली. कोयना हे जगातलं याचं सगळ्यात ठळक उदाहरण आहे, जगभरातले शास्त्रज्ञ आपल्या तालुक्याचा अभ्यास करतात. कराडला यासाठी खास प्रयोगशाळा आहे आणि गोठण्याला तीन किलोमीटर खोल बोअर घेतलंय, वरचा सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा पाषाण आणि खाली ग्रॅनाईट. हे सगळं आपल्या गावाजवळ चाललंय याचा मला खरंच अभिमान वाटला.

आईला स्क्रीनवर नीट दिसत नव्हतं. मग मी स्टेशनरीच्या दुकानातून जगाचा मोठा कोरा आराखडा आणला, भिंतीवर लावला, आणि आईनं तिच्या डब्यातली टिकल्यांची पाकिटं काढून दिली. ७ च्या वरचे भूकंप वर्षाला जगात सरासरी १५ च्या आसपास होतात, त्यामुळं काही वर्षांची यादी हातानं लावणं सहज जमतं. लेक अक्षांश रेखांश वाचायची, मी पेन्सिलनं टिंब करायचो, आई टिकली लावायची. ठरवलं असं की ७० किलोमीटरपर्यंत खोल असेल तर लाल टिकली, त्याखाली ३०० पर्यंत हिरवी आणि त्याहून खोल काळी.

भरत गेल्यावर जे दिसलं ते मी शाळेत पाठ केलेलं होतं पण समजलेलं आत्ता. पॅसिफिक महासागराला कडेकडेनं टिकल्यांची माळ झाली. दुसरी एक माळ इंडोनेशियाकडून म्यानमार, हिमालय, इराण, तुर्कस्तान करत भूमध्य समुद्रापर्यंत गेली. आणि दक्षिण अमेरिकेत तर रंगांचा क्रमच लागला, किनाऱ्यालगत लाल, थोडं पूर्वेला जमिनीकडं हिरव्या आणि अजून आत ब्राझीलच्या सरहद्दीकडं काळ्या. समुद्राचा तळ जमिनीखाली तिरका घुसत चाललाय आणि जसजसा आत जाईल तसतसा भूकंप खोल होत जातो. जपानला तेच उलट दिशेनं, पूर्वेकडं समुद्रात लाल आणि पश्चिमेला रशियाच्या किनाऱ्याकडं काळ्या. आईनं ते बघून बोटानं उतार काढून दाखवला, "असं खाली खाली चाललंय." नव्वदीच्या उंबऱ्यावरच्या माणसाला प्लेट टेक्टॉनिक्स, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे तुकडे कसे सरकतात ते, समजलं, मला अजून काय पाहिजे.

खोलीचा संबंध आपल्याशी कसा ते सांगतो. कोयनेचे भूकंप बहुतेक १० किलोमीटरच्या आतले, अगदी उथळ, म्हणून साधा साडेतीनचा धक्कासुद्धा आवाजासकट पायाखाली जाणवतो. याउलट हिंदुकुशमध्ये २०० किलोमीटर खोल मोठा भूकंप झाला की दिल्लीपर्यंत पंखे हलतात पण दिल्लीत सहसा पडझड होत नाही. नुसता रिश्टरचा आकडा बघून घाबरायचं का नाही हे ठरत नाही, खोली आणि अंतर बघावंच लागतं.

इथपर्यंत आल्यावर आईचं मत अजून पक्कं झालं, कारण भिंतीवर जपान टिकल्यांखाली झाकून गेलं होतं. तेव्हा लेकीनं २०१० सालच्या दोन टिकल्या दाखवल्या. १२ जानेवारी २०१० हैती, ७.०. आणि २७ फेब्रुवारी २०१० चिली, ८.८. रिश्टरमध्ये एक आकडा वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते, या हिशेबानं चिलीचा भूकंप हैतीच्या ५०० पट ताकदीचा. पण चिलीत सुमारे सव्वापाचशे माणसं गेली, त्यातलीही बरीच त्सुनामीत, आणि हैतीत मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही, बहुतेक अंदाज लाखाच्या वरचेच आहेत. हैतीचा भूकंप राजधानीला चिकटून आणि उथळ होता हे खरंय, पण मुख्य फरक घरांचा. चिलीनं १९६० ला ९.५ चा, आजवर मोजलेला जगातला सगळ्यात मोठा भूकंप सोसला आणि तेव्हापासून बांधकामाचे नियम कडक करत आणले. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्या वेळी पण कौलारू कुडाची घरं राहिली, दगडाच्या भिंती पडल्या."

टिंबांचा नकाशा काय झालंय ते सांगतो, पुढं काय होऊ शकतं त्याचा नकाशा वेगळा असतो. ग्लोबल अर्थक्वेक मॉडेल म्हणून इटलीत पाविया इथं एक संस्था आहे, त्यांनी साऱ्या जगाचा धोक्याचा नकाशा केलाय, रंगीत, फिक्यापासून गडद लालपर्यंत. त्याचा अर्थ लावायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. रंग म्हणजे भूकंप किती होतील ते नाही. रंग म्हणजे जमिनीला किती जोराचा झटका बसू शकतो ते, गुरुत्वाकर्षणाच्या तुलनेत मोजलेलं, आणि तो आकडा ओलांडला जायची शक्यता ५० वर्षांत १० टक्के असा. याचंच दुसरं रूप म्हणजे सरासरी ४७५ वर्षांतून एकदा. पण सरासरी हं, ४७५ वर्षांचं वेळापत्रक नाही, एकदा झाला की पुढची चारशे वर्षं निवांत असं कुणी समजू नका. ५० वर्षं का, तर साधारण एका इमारतीचं आयुष्य तेवढं धरतात. म्हणजे तो नकाशा मुळात घर बांधणाऱ्यासाठी आहे.

आणि एक बारीक गोष्ट, हा नकाशा जमीन कठीण खडकाची आहे असं धरून काढलेला असतो. तुमचं घर नदीच्या गाळावर असेल तर तो रंग तुमच्यासाठी कमी पडतो. १९८५ ला मेक्सिको सिटीत हेच झालं, भूकंप झाला साडेतीनशे किलोमीटर लांब किनाऱ्याजवळ, पण शहर वसलंय जुन्या तळ्याच्या गाळावर, तो गाळ परातीतल्या दह्यासारखा हिंदकळत राहिला आणि हजारो माणसं गेली. अलीकडं २८ मार्च २०२५ ला म्यानमारला ७.७ झाला आणि हजारेक किलोमीटरवर बँकॉकमध्ये बांधकाम चालू असलेली उंच इमारत कोसळली, ते शहरसुद्धा मऊ गाळावर आहे.

मग आपला भारताचा झोनचा नकाशा काढला. २००२ साली जे चार झोन केले त्यात २ सगळ्यात कमी आणि ५ सगळ्यात जास्त. कोयना, पाटण झोन ४ मध्ये. मुंबई, पुणे ३ मध्ये, नागपूर २ मध्ये. दिल्लीही आपल्यासारखीच ४ मध्ये. त्या नकाशाप्रमाणं इंजिनिअर लोक डिझाईनला झटक्याचा जोर म्हणून झोन ३ साठी ०.१६ आणि झोन ४ साठी ०.२४ असा आकडा धरत आलेत, म्हणजे पुण्याच्या घराचा जसाच्या तसा प्लॅन पाटणला उचलून आणला तर सळई आणि कॉलमचा हिशेब दीडपट धक्क्यासाठी नव्यानं करावा लागतो. हे आमच्याकडं घर बांधणाऱ्या किती जणांना माहिती असतं मला शंका आहे आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते.

पण या नकाशांवर डोळे झाकून विसंबायचं नाही हेही लगेच कळलं. कोयनेचा भाग १९६७ च्या आधी जवळपास भूकंपमुक्त समजत होते, धक्का बसल्यावर १९७० ला नकाशा बदलला. किल्लारी तर सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होतं, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ चा झाला आणि माळवदाच्या, दगडमातीच्या घरांखाली दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली. पुढं २००२ ला झोन १ च काढून टाकला, म्हणजे भारतात बिनधोक्याचा असा झोनच ठेवला नाही. जपानसारख्या देशातही १ जानेवारी २०२४ ला नोटो भागात ७.५ चा झाला, आणि त्यांच्या नकाशात तो भाग पॅसिफिक किनाऱ्याच्या मानानं फिका होता. शास्त्रज्ञांना त्या दिवसापर्यंत जे कळलंय तेवढंच नकाशात येतं. गडद रंग दिसला तर गांभीर्यानं घ्या, फिका दिसला म्हणून ढिलाई करू नका, मी तरी एवढंच धरून चाललोय.

आता हामामात्सु. जपानचा जे-शिस नावाचा नकाशा आहे, इंग्रजीतही आहे, आणि तो बघून मी थक्क झालो. येत्या ३० वर्षांत ठराविक तीव्रतेचा हादरा बसायची शक्यता किती टक्के, ते २५० मीटरच्या चौकोनात. म्हणजे गल्ली बदलली की रंग बदलतो. हामामात्सु गडद भागातच आहे, समोर समुद्रात नानकाई खंदक आहे, तिथं १९४४ आणि १९४६ ला मोठे भूकंप झालेत आणि पुढचा येणार हे तिथलं सरकारच लोकांना सांगतं. लपवाछपवी नाही. प्रत्येक गावाचा धोक्याचा नकाशा नगरपालिका घरोघरी देते, त्यात त्सुनामीचं पाणी कुठवर येईल, पळायचं कुठं, सगळं असतं. कंपनीनं लेकीला राहायला जागा शोधायला सांगितल्यावर आम्ही इथं पाटणला बसून एकेक पत्ता त्या नकाशात टाकून बघितला. दक्षिणेला समुद्राकडची सखल जागा भाड्याला स्वस्त होती, ती सोडली. उत्तरेला मिकाताहारा म्हणून पठार आहे, तिकडची खोली घेतली, ऑफिसला जायला वेळ जास्त लागतो पण त्सुनामीच्या रंगाच्या बाहेर. दुसरी चौकशी इमारत कधीची याची. जपानमध्ये जून १९८१ पासून भूकंपाचे नवे कडक नियम लागू झाले, त्यामुळं तिथं भाड्याची जागा बघताना लोक १९८१ च्या आधीची का नंतरची हे विचारतातच. लेकीची इमारत बरीच नंतरची. हे सगळं आईला एकेक करून सांगितल्यावर तिनं परवानगी दिली, आणि लगेच विचारलं, "आणि आपली भिंत?"

आमचं मागचं घर जुनं, दोन फुटी दगडी भिंत, मातीत रचलेली. कराडचे ओळखीचे एक इंजिनिअर आले, त्यांनी भिंतीला हात लावून, कान लावून ठोकून बघितलं. त्यांनी जे दाखवलं ते आमच्या भागात प्रत्येकानं बघावं असं आहे. अशी भिंत एक नसते, दोन असतात, बाहेरची रांग आणि आतली रांग, आणि मध्ये बारीक दगड नि माती भरलेली. हादरा बसला की मधला भराव खाली बसतो, दोन्ही रांगा बाहेर फुगतात आणि फाकून पडतात, छप्पर खाली येतं. आमच्या पश्चिमेच्या भिंतीला मधोमध पोट आलेलं होतं, दोरी लावल्यावर स्पष्ट दिसलं. उपाय काय, तर ठराविक अंतरावर दगड काढून तिथं भिंतीच्या आरपार जाणारे सळईचे काँक्रीटचे सांधे भरायचे म्हणजे दोन्ही रांगा बांधल्या जातात, आणि दारं-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना सलग पट्टा, लिंटेल बँड. नुसता दारावरचा लिंटेल नाही, कोपऱ्यातून न तुटता चौफेर फिरलेला.

पुढची नवी खोली आरसीसीत घ्यायची ठरली, तेव्हा त्यांनी मिस्त्रींना कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांभोवतीच्या कड्या, वाकवून दाखवल्या. आपल्याकडं रिंगचं टोक काटकोनात वळवून सोडतात, जोराच्या हादऱ्यात वरचं काँक्रीट निखळलं की ती रिंग उघडते आणि आतल्या उभ्या सळया मोकळ्या होतात. टोक १३५ अंशात, म्हणजे कॉलमच्या पोटात घुसेल असं वळवायचं, आणि कॉलम-बीम जिथं मिळतात तिथं रिंगा जवळजवळ. खर्च म्हणाल तर थोडी सळई आणि थोडी मेहनत. मिस्त्रींनी दोनचार रिंगा स्वतः वाकवल्या, त्यांना पटलं, म्हणाले आम्हाला असं कारण कुणी सांगितलंच नव्हतं.

दगडी भिंतीचं काम दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण थांबला की धरणार आहोत, पश्चिमेची भिंत आधी. लेकीचा परवाच फोन झाला, तिकडं ऑफिसात भूकंपाची प्रॅक्टिस झाली, सगळे टेबलाखाली. आळीतल्या लोकांना टिकल्यांचा नकाशा बघायचा असतो म्हणून तो आता ओटीवर लावलाय. केरा नदीच्या काठाला ज्यांची घरं आहेत, मऊ जमिनीवर, त्यांतले दोघंतिघं रविवारी येणार आहेत, त्यांच्याकडं नवीन बांधकाम निघालंय. मिस्त्रींनाही त्याच दिवशी बोलावलंय, रिंगा घेऊन.